आरएक्स १००: मूळ एअरबॉक्स दुरुस्त करावा की कोन फिल्टरच ठेवावा?

कराडचा आरएक्सवाला

नमस्कार मंडळी. गाडी यामाहा आरएक्स १००, १९९३ चं मॉडेल, वडिलांची. बोअर करून पन्नासचा (अर्धा मिलिमीटर मोठा) पिस्टन टाकलेला आहे, सायलेन्सर कंपनीचा, कार्बोरेटर मूळचाच मिकुनी. रोज चालते.

अडचण एअरबॉक्सची, म्हणजे कार्बोरेटरच्या मागच्या हवेच्या फिल्टरच्या डब्याची आहे. बॉक्स आणि कार्बोरेटरच्या मधलं रबर कडक होऊन खालच्या अंगाने चिरलं, झाकणाचा एक स्क्रू धरत नाही, आणि आतला स्पंज बोटाने दाबला की भुगा पडतो. इथल्या मेस्त्रींनी बॉक्स काढून माझ्या हातात दिला आणि थेट कार्बोरेटरच्या तोंडावर उघडा कोन फिल्टर लावला. म्हणाले, जुनं खोकं कशाला वागवता, आता गाडी मोकळी पळेल. सुरुवातीला खरंच तसं वाटलं. आवाज भरदार झाला, वरच्या आरपीएमला ओढ वाढल्यासारखी वाटली.

पण आता तीन गोष्टी खटकतात. हळू चालताना थ्रॉटल एकदम उघडला की क्षणभर अडखळते. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली चढताना अर्ध्या थ्रॉटलला इंजिनातून टिणटिण ऐकू येतं. आणि उतारावर किंवा सिग्नलला थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो. प्लग काढून पाहिला तर टोक पांढरंफटक.

मेस्त्री म्हणतात मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा टाकू, विषय संपेल. माझा रोजचा रस्ता ऊसपट्ट्यातला. सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे साइडपट्टीवर उतरावंच लागतं आणि धूळ विचारू नका. पावसाळ्यातही गाडी चिपळूणला जाते. जेट बदलून कोन ठेवू, की मूळ बॉक्सच्या मागे लागू? पार्ट मिळतात का अजून? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा.

---

उद्यमनगर टू-स्ट्रोक

भावा, आधी एक. तू जी लक्षणं सांगितलीस ती सगळी लीनची आहेत. हवा जास्त, पेट्रोल कमी. अशी गाडी घाटात नेऊ नकोस, अगदी जावंच लागलं तर एसटीने जा. टू-स्ट्रोक लीन चालली की पिस्टन तापून फुगतो आणि सिलेंडरला धरतो. पन्नासचा पिस्टन आधीच पडलाय, पुढे पंच्याहत्तर, मग शंभर, मग स्लीव्ह (सिलेंडरची आतली नळी). आरएक्सचा मूळ सिलेंडर आता सोन्याच्या भावाचा झालाय, तो वाचव.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात बरीच वर्षं टू-स्ट्रोकच करतोय. आरएक्स, शोगन, येझदी. कोन फिल्टरला माझा सरसकट विरोध नाही. ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला, जिचं इंजिन दर काही रेसनंतर उघडलंच जातं, तिला मी स्वतः लावून दिलेत. पण रोजच्या, धुळीच्या रस्त्यावरच्या, कंपनीचाच सायलेन्सर असलेल्या आरएक्सला तो लावू नये असं माझं ठाम मत आहे. का ते नीट सांगतो, कारण मेस्त्रींना तू हे दाखवणार असशील तर त्यांनाही पटायला हवं.

एअरबॉक्सला कार्बोरेटरचाच एक भाग धर. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, आणि टू-स्ट्रोक असल्याने दर फेऱ्याला हवा ओढतं. ७५०० आरपीएमला कागदावरचा हिशोब मिनिटाला ७३५ लिटरचा होतो. ही हवा एकसारखी वाहत नाही, हिसके देत येते. रीड (हवा आत सोडणारी पाकळ्यांची झडप) उघडली की ओढ, मिटली की थांब. बॉक्समध्ये साठलेली हवा हे हिसके पोटात घेते आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी वातावरण शांत ठेवते. बॉक्सच्या आत येणारी वाट अरुंद दिसते म्हणून पोरं ती कापतात, पण त्या वाटेचं माप, बॉक्सचं आकारमान आणि तेल लावलेल्या स्पंजचा अडथळा, हे सगळं गृहीत धरूनच कंपनीने जेट आणि नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) ठरवली. बॉक्स काढलास की तोंडाशी असलेली ती थोडी ओढ गेली. हवा सुटली, जेट तेच राहिले.

आता मेन जेटचं. तुझी तक्रार कुठल्या थ्रॉटलला आहे ते बघ. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे दिसतं. अर्ध्या थ्रॉटलला चढावर टिणटिण होतंय, तिथे राज्य नीडलचं. थ्रॉटल मिटल्यावर आरपीएम रेंगाळतोय, तिथे पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू. हळू चालताना एकदम उघडल्यावर अडखळते, तो पायलट आणि स्लाइडच्या (थ्रॉटलने वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या) कापाचा भाग. म्हणजे मेन जेट मोठा टाकून तुझ्या तिन्ही तक्रारींपैकी एकही नीट जाणार नाही. फक्त फुल थ्रॉटलला गाडी थोडी वाचेल, आणि ऊसपट्ट्यात ट्रॉलीच्या मागे फुल थ्रॉटल किती वेळ असतो ते तुला माहीत आहे. कोन ठेवायचाच असेल तर मेन, नीडलची क्लिप, पायलट, एअर स्क्रू, सगळं लावावं लागतं. ते होतं, होत नाही असं नाही. पण एका दुपारचं काम नाही. प्रत्येक बदलानंतर गाडी पळवून, त्याच थ्रॉटलला इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग बघायचा. आणि मग पावसाळ्यात कोन ओला झाला की हवा कोंडते, तुझं सेटिंग परत बिघडतं.

त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटमधून गाडी आपोआप थोडी लीन चालते. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर ते सांभाळून घेतो, आरएक्सच्या मिकुनीला ते कळत नाही. मूळ बॉक्स असलेल्या गाड्यांनासुद्धा मी हल्ली नीडल एक खाच वर घेतो, म्हणजे क्लिप एक खाच खाली. तू त्यावर बॉक्सही काढून बसलायस.

पण माझं खरं भांडण धुळीशी आहे. फोर-स्ट्रोकमध्ये धूळ वरून जाते, रिंग आणि बोअर खाते, मग ऑइलमध्ये उतरते, ऑइल बदललं की थोडीफार बाहेर पडते. टू-स्ट्रोकमध्ये सगळी हवा आधी क्रँककेसमध्ये जाते. क्रँकच्या बेअरिंगवरून, बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगच्या) सुयांवरून, पिस्टनच्या खालच्या कडेवरून फिरून मग वर चढते. आणि तिथे ऑइल म्हणजे पंपाने सोडलेले चार थेंब, फिल्टर कुठलाही नाही. त्यामुळे कोनवाल्या आरएक्सचा क्रँक आवाज करत येतो तेव्हा उघडल्यावर चित्र ठरलेलं असतं. इनलेटच्या बाजूला पिस्टनच्या स्कर्टवर उभे बारीक ओरखडे, राखाडी रंगाचे, हात फिरवला की खरखर लागतात. क्रँक हलवून पाहिला की कनेक्टिंग रॉड वरखाली ठकठकतो. मालक म्हणतो पण बोअर तर परवाच केलं होतं. बोअर केलं, धुळीची वाट मात्र उघडीच राहिली.

स्वस्त कोनमध्ये अजून एक भानगड असते, ती तुझ्या मेस्त्रींना जरूर दाखव. कार्बोरेटरच्या मागच्या तोंडात टॉर्च मार. कडेला बारीक भोकं दिसतील. पायलटला आणि नीडल जेटला लागणारी हवा तिथून आत जाते. काही कोनची रबराची कड इतकी जाड असते की ती या भोकांवर चढून बसते. मग खाली रिच (पेट्रोल जास्त), वर लीन, आणि माणूस दिवसभर एअर स्क्रू फिरवत बसतो. तुझा कोन अजून लावलेला असेल तर हे आधी तपास.

आणि कोन काढण्याच्या आधी अजून एक तपासायचं. आरपीएम रेंगाळतो तो फक्त फिल्टरमुळेच असं नाही. कार्बोरेटर आणि सिलेंडरमधल्या जॉइंटमधून हवा घुसत असली तरी हेच होतं. मेस्त्रींनी बॉक्स काढताना कार्बोरेटर हलवला असणारच. तो जॉइंट, त्याचं पॅकिंग, रीडच्या पाकळ्या नीट मिटतात का, हे बघितल्याशिवाय जेटला हात लावू नका.

बॉक्सचं म्हणशील तर मिळतो. रबरही मिळतं. पुण्यात नाना पेठेत विचार, नाहीतर इकडे ये. फक्त रबर घेताना दाबून बघ. काही माल नवा असूनही लाकडासारखा कडक असतो, तो तोंडावर बसतच नाही आणि क्लिप कितीही आवळली तरी फट राहते.

---

नाशिक कास्ट आयर्न

उद्यमनगरवाल्या दादांचं टू-स्ट्रोकबद्दल मान्य, पण वाचणाऱ्या बुलेटवाल्यांनी घाबरून जाऊ नये म्हणून लिहितो. माझी जुनी कास्ट आयर्न ३५०. मूळ फिल्टरचा डबा गंजून भोक पडलं तेव्हापासून कोन आहे, आणि गाडी उत्तम चालते. बुलेट संथ आरपीएमला चालणारी, कार्बोरेटर साधा स्लाइडचा, त्यामुळे एकदा मेन जेट आणि नीडल लावून घेतली की परत हात लावावा लागला नाही. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं.

दोन पथ्यं मात्र पाळतो. कोन कापडी जाळीचा आहे, त्याला त्याचंच तेल लागतं. तेल कमी झालं तर धूळ आत, जास्त झालं तर तेल ओढलं जाऊन गाडी धूर काढते. आणि स्पंजचा उघडा स्वस्त कोन बुलेटला कधीच लावू नये. टायमिंग थोडं हललं आणि कार्बोरेटरमधून उलटा भडका आला की पेट्रोलने ओला स्पंज पेटतो. आमच्या गल्लीत असं एकदा झालंय, सीट जळाली, टाकी वाचली.

पावसात कोनवर कापडी टोपी घालतो. तरी त्र्यंबकच्या पावसात एकदा अडखळलीच.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो, माझ्याकडे १९८१ ची होंडा सीबी ७५० आहे. इकडे जुन्या गाड्यांना कॅफे रेसर करायचं वेड आहे आणि त्यात सगळ्यांत आधी बळी जातो एअरबॉक्सचा, कारण तो काढला की सीटखाली आरपार मोकळं दिसतं. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने चार सुटे कोन लावले होते. वर आणि खाली चालायची, मधे ४००० च्या आसपास नुसती हवेत लटकायची.

इथे अजून एक फरक लक्षात घ्या. आरएक्स आणि जुन्या बुलेटची स्लाइड तुम्ही केबलने ओढता. माझ्या गाडीचे केहिनचे चार कार्बोरेटर सीव्ही प्रकारचे आहेत, त्यात तुम्ही फक्त झडप उघडता आणि स्लाइड हवेच्या दाबाच्या फरकाने स्वतः वर उचलली जाते. तो फरक एअरबॉक्सच्या बाजूच्या शांत दाबावर अवलंबून. कोन लावले की बाजूच्या वाऱ्यानेसुद्धा स्लाइड थरथरते. जेटचे संच बदलून बदलून लोक थकतात. मी शेवटी जुना बॉक्स मिळवला, जेट मूळ नंबरचे टाकले आणि मधला खड्डा गेला. चार रबरी नळ्या गरम पाण्यात टाकून मऊ केल्या तेव्हा कुठे कार्बोरेटरवर चढल्या.

तेव्हा सीव्ही कार्बोरेटरवाल्यांनी बॉक्स काढण्याआधी दहा वेळा विचार करावा. बाकी आरएक्सचं नाव वाचून बरं वाटलं. आमच्या काकांची होती, साताऱ्याला.

---

कराडचा आरएक्सवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारली. एक भोक अर्धं रबराखाली होतं! मेस्त्रींनाही दाखवलं, त्यांनी ते मान्य केलं आणि स्वतःच म्हणाले की बॉक्स परत बसवू. जॉइंटचं पॅकिंगही एका बाजूला फाटलेलं निघालं, ते नवीन टाकलं.

नाना पेठेतून मित्राने रबर आणि स्पंज आणलाय. बॉक्स माझाच, झाकण तेवढं नीट बसत नाही. मेस्त्री म्हणतात कडेने सिलिकॉन मारू. चालेल का? आणि स्पंजला कुठलं तेल लावायचं? दुकानदार म्हणाला कोरडाच घाला.

---

उद्यमनगर टू-स्ट्रोक

मेस्त्रींनी ऐकलं हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

सिलिकॉन नको. बॉक्सच्या आत पेट्रोलची वाफ असते, साधा सिलिकॉन तिने फुगतो आणि सुटतो, आणि सुटलेला तुकडा थेट कार्बोरेटरमध्ये जातो. झाकणाच्या कडेला पातळ रबरी पट्टी चिकटवणाऱ्या बाँडने बसव, आणि जो स्क्रू धरत नाही तिथे आरपार बोल्ट टाकून मागे नायलॉकचा नट दे. नट आतल्या बाजूला येऊ देऊ नकोस.

स्पंज कोरडा अजिबात घालायचा नाही. या स्पंजची भोकं डोळ्यांना दिसतील एवढी मोठी असतात, धूळ अडते ती त्यातल्या तेलाला चिकटून. तेल नाही तर फिल्टर नाही. नवा असला तरी आधी केरोसीनमध्ये दाबून धू, साबणाच्या पाण्यातून काढ, सावलीत पूर्ण वाळव. पेट्रोलमध्ये धुऊ नकोस, जोडावरचा गोंद सुटतो. मग इंजिन ऑइलमध्ये बुडव आणि दोन तळहातांमध्ये दाबून जादा तेल काढ. पिळायचा नाही, पिळला की आतून फाटतो. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे, आणि दाबल्यावर थेंब गळता कामा नये. कडेला, जिथे तो बॉक्सवर टेकतो, तिथे ग्रीसचा पातळ हात. सीझनमध्ये तुझ्या रस्त्याला हे महिन्याला करावं लागेल, एरवी सावकाश चालेल.

बसवून झाल्यावर बॉक्स ते कार्बोरेटरच्या रबराला आतून बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर दे. आठवडाभर चालव, मग रबर उतरवून पांढऱ्या फडक्याने आत पूस. फडकं स्वच्छ निघालं तर बॉक्स बंद आहे. मातकट रेघ आली तर ती रेघ कुठल्या बाजूला आहे ते बघ, फट तिथेच सापडेल.

जेट बदलले असतील तर सगळे मूळ नंबरचे परत टाका. नीडलची क्लिप मधल्या खाचेत ठेवून सुरुवात करा, ई२० साठी लागलं तर एक खाच खाली. एअर स्क्रू इंजिन गरम झाल्यावरच लावायचा. या कार्बोरेटरला तो आत फिरवला की रिच होतं, बाहेर काढला की लीन, बऱ्याच जणांची इथे गल्लत होते.

आणि कुंभार्लीसाठी एक वेगळी सूचना. ऑइल पंपाची केबल थ्रॉटलला जोडलेली असते. थ्रॉटल पूर्ण मिटून तू गिअरमध्ये लांब उतार उतरलास की इंजिन जोरात फिरतं, पण पंप ऑइल अगदी कमी सोडतो. म्हणून उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून सोडायचा. कार्बोरेटर काढघाल झालाय, तेव्हा पंपाच्या चाकावरची खूण केबलच्या जागेशी जुळते का तेही मेस्त्रींकडून बघून घे. ती मागे राहिली असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी धरेल.